मल्लांची पंगत

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहीण माहेरी आली होती आणि तिच्याबरोबर माझा भाचाही आला होता. अंगणातला किल्ला पाहून झाला, मावळ्यांची मोजदाद झाली, चकलीचा डबा अर्ध्यावर आला, आणि मग आमचे चिरंजीव आणि हे भाचेबुवा टीव्हीसमोर मांडी ठोकून बसले. पडद्यावर दोन मल्ल एकमेकांना बुकलून काढीत होते. मी बाहेर पणत्यांत तेल घालीत होतो, तोच आतून आरडाओरडा ऐकू आला.

"तू तो घ्यायचा नाहीस! तो एस टियरमधला आहे."

"मग तूही घे की!"

"मला नको. सी टियरमधला घेऊन तुला हरवतो, बघच!"

तेलाची बुधली तिथेच ठेवून मी आत गेलो. भांडण मिटवणे हे निमित्त. खरे म्हणजे 'टियर' ही काय भानगड आहे ते मला कळले नव्हते. भाच्याने पिशवीतून वही काढून दाखवली. पानावर पाच ओळी आखलेल्या होत्या : एस, ए, बी, सी, डी. प्रत्येक ओळीपुढे खेळातल्या मल्लांची नावे सुवाच्य अक्षरांत लिहिली होती.

"एस म्हणजे ए च्याही वरचा, मामा."

"आणि हे खालचे? डीमधले?"

"ते कुणी घेतच नाही."

"हे ठरवले कुणी?"

"ठरवायचे काय त्यात? सगळ्यांना माहीतच असते."

हे उत्तर ऐकून मी चपापलो. कारण ते मी पूर्वी ऐकले होते, आणि पुष्कळदा स्वतः दिलेही होते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि खडू हाती घेतला. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे अक्षर बरे असल्यामुळे दर जूनमध्ये तुकड्यांच्या याद्या लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. गुण पाहावयाचे आणि नावे 'अ', 'ब', 'क' अशा तीन रकान्यांत उतरवावयाची. पुढे वर्षभर शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते, "तो ना? 'क' मधला आहे, सोडा." हे ठरवले कुणी, असे कुणी विचारीत नाही. सगळ्यांना माहीतच असते.

मुलाच्या वहीतली ती यादी आणि माझ्या हातची यादी यांचे नाते मला स्वस्थ बसू देईना. म्हणून सुट्टीत मी या लढाईच्या खेळांचा इतिहास धुंडाळायला बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

*

या खेळांच्या आरंभी पंगती नव्हत्या, कारण भेदच नव्हता. १९८४ साली जपानच्या डेटा ईस्ट कंपनीने 'कराटे चँप' नावाचा खेळ आणला. त्यात दोन गडी. एकाचा पोशाख पांढरा, दुसऱ्याचा तांबडा. रंग सोडला तर दोघांत तसूभर फरक नाही. १९८७ साली ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर' काढला, त्यातही तेच. पहिल्या खेळाडूला ऱ्यू मिळायचा, दुसऱ्याला केन, आणि दोघांचे डाव अगदी सारखे. हरला तर दोष खेळणाराचा. मल्लाला बोल लावण्याची सोयच नव्हती.

अशी समता साधायला सोपी असते, पण तिचा कंटाळाही लवकर येतो. १९९१ साली कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर टू' बाजारात आणला आणि चित्र पालटले. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या दोघांचा त्या घडणीत मोठा वाटा होता. त्यांनी एक नाही, दोन नाही, आठ मल्ल पुढे उभे केले आणि म्हटले, घ्या हवा तो. ऱ्यू आणि केन हे जुने गडी होतेच. त्यांच्या जोडीला जपानचा सुमो पैलवान होंडा, चीनची चपळ चुन-ली, ब्राझीलच्या रानातला हिरवा ब्लँका, रशियाचा अगडबंब झांगीफ, अमेरिकेचा सैनिक गाईल, आणि आपल्या भारतातला धालसिम. हा धालसिम म्हणजे गळ्यात कवट्यांची माळ घातलेला एक हडकुळा योगी. तो हातपाय रबरासारखे लांब करतो आणि तोंडातून आग ओकतो. त्याच्या मागे हत्ती उभे. परदेशी माणसाला भारत म्हटले की काय आठवते, त्याचा हा नमुना. असो.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात जोड लावताना वस्ताद वजन पाहतात, वय पाहतात, तालीम पाहतात. एकतर्फी कुस्ती कुणालाच नको असते. इथे मात्र वजनाचा प्रश्नच नव्हता. डोंगरासारखा झांगीफ आणि वेतासारखी चुन-ली एकाच फडात, आणि तरी सामना रंगला पाहिजे! आठ मल्लांच्या एकमेकांशी जोड्या लावल्या तर अठ्ठावीस होतात. या अठ्ठावीसही जोडी तुल्यबळ करावयाच्या, तेही प्रत्येक मल्लाचे वेगळेपण राखून, ही कामगिरी किती अवघड होती हे यावरून ध्यानात यावे.

ती पुरती साधली नाही. गाईल आणि झांगीफ यांचीच जोड घ्या. गाईलला दुरून वाऱ्याचे चक्र फेकता येते. ते संथ जाते, आणि त्याच्या आडोशाने गाईल स्वतः पुढे सरकतो. चक्रावरून कुणी उडी मारली तर खालून वर जाणारी त्याची लाथ तयारच असते. झांगीफची सगळी शक्ती पकडीत. एकदा का तो जवळ आला आणि त्याने उचलून आपटले की प्रतिस्पर्ध्याचे अर्धे प्राण जातात. पण जवळ यावे कसे? दुरून फेकण्यासारखे त्याच्याजवळ काही नाही. बिचारा एक पाऊल पुढे, दोन पावले मागे करीत राहतो. दोन्हीकडचे खेळणारे सारखेच तरबेज असले तर इथे झांगीफचा निभाव लागणे कठीण.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. आज या खेळांचा प्राण समजली जाते ती लागोपाठ बसणाऱ्या ठोशांची साखळी, म्हणजे 'कॉम्बो'. ती कुणी आखून केलेली नव्हती. या खेळात मधेच एक मोटार फोडून गुण मिळवण्याचा टप्पा येतो. तो तपासताना नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आले की नेमका क्षण साधला तर एका ठोशाच्या पोटात दुसरा ठोसा बसतो. दोष म्हणून तो काढून टाकता आला असता. त्यांनी राहू दिला. पुढे खेळणाऱ्यांनी त्यातून काय काय निर्माण केले, ते निर्मात्यांच्याही स्वप्नात आले नसेल. खेळ घडवणाऱ्याला त्या खेळाची सगळी ताकद ठाऊक असते असे नाही, हे इथे नोंदवून पुढे जाऊ.

*

आता याद्या कशा जन्माला आल्या ते पाहू. जपानात आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दालनांत, शेकडो पोरे रोज एकमेकांशी भिडत. त्यांच्यासाठी मासिके निघत, आणि त्या मासिकांतून कोष्टके छापून येत. आडव्या ओळीत सगळे मल्ल, उभ्या ओळीत तेच मल्ल, आणि जिथे दोघांची गाठ पडते त्या घरात एक आकडा. या कोष्टकाला ते 'डायग्राम' म्हणत. घरात सात हा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा, की या मल्लाने त्या मल्लाशी दहा झुंजी खेळल्या तर सात जिंकाव्यात आणि तीन हराव्यात. पाच असेल तर जोड तुल्यबळ. प्रत्येक मल्लाच्या ओळीची बेरीज करा, बेरजांचा क्रम लावा, की झाली पंगत. ए, बी, सीच्याही वर एस ही ओळ घालण्याची पद्धत जपानी प्रतवारीतूनच सर्वत्र पसरली.

माझा मुद्दा ज्यावर उभा आहे, ती अट या कोष्टकातच दडलेली आहे. सात-तीन हा आकडा खरा केव्हा? दोन्ही बाजूंचे खेळणारे सारख्याच तयारीचे असतील तेव्हा. खेळणारा माणूस वजा करून मल्लाचे जे उरते, तेवढेच ही यादी मोजते. झांगीफ खालच्या पंगतीत आहे, म्हणजे झांगीफ खेळणारा मुलगा खालच्या पंगतीत आहे, असे तिने कधीच म्हटलेले नाही. उलट खालचा मल्ल घेऊन वरच्याला लोळवणाऱ्याला आर्केडात मान अधिक. आमच्या भाच्याने "सी टियरमधला घेऊन हरवतो" अशी जी फुशारकी मारली, ती याच मानाची.

*

कॅपकॉमने ही विषमता दूर करण्याची खटपट पुष्कळ केली. १९९१ ते १९९४ या काळात एकाच खेळाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. १९९२ च्या आवृत्तीत गाईलचे पंख थोडे छाटले, दोघांनाही एकच मल्ल घेण्याची मुभा दिली, आणि तोवर यंत्राच्याच हाती असलेले चार सरदार खेळाडूंना खुले केले. त्यांतल्या तिघांच्या नावांचा घोळ मोठा मजेदार आहे. जपानात मुष्टियोद्ध्याचे नाव होते एम. बायसन. ते नाव आणि ते रूप पाहून अमेरिकेचा माइक टायसन कोर्टात खेचील, अशी धास्ती पडली. म्हणून अमेरिकेत पाठवताना तिघांच्या नावांची अदलाबदल केली. बायसन हे नाव हुकूमशहाला गेले, हुकूमशहाचे व्हेगा स्पेनच्या नखेवाल्याला, आणि नखेवाल्याचे बॅलरॉग मुष्टियोद्ध्याला. बारशाच्या दिवशी पाळणे बदलावेत तसा प्रकार! पण गाईलचा जाच कमी करावा म्हणून काढलेल्या या आवृत्तीत तो हुकूमशहाच असा शिरजोर निघाला, की चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसे इतरांचे झाले.

त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, आणखी वेगवान आवृत्ती आली. तिच्यामागेही एक कथा आहे. कॅपकॉमच्या यंत्रांत परवानगीवाचून ढवळाढवळ करून कुणीकुणी चोरट्या आवृत्त्या काढल्या होत्या. त्यांत मल्ल हवेतूनच अग्निगोल फेकीत, आणि बटण दाबले की ऐन झुंजीत एकाचा दुसरा होई. हा धुमाकूळ लोकांना आवडतो हे पाहून कंपनीने स्वतःच वेग वाढवला आणि दुबळ्यांना नवे डाव दिले. धालसिमला अंतर्धान पावण्याची विद्या मिळाली ती याच वेळी. १९९३ च्या आवृत्तीत आणखी चार मल्ल आले, एकूण सोळा झाले, आणि अठ्ठावीस जोड्यांच्या जागी एकशेवीस जोड्यांचा हिशेब बसवण्याची पाळी आली. एक जोड सरळ करावी तर दुसरी वाकडी व्हावी, असा तो व्याप होता.

१९९४ च्या आवृत्तीत अकुमा नावाचा एक गुप्त मल्ल ठेवला होता. तो हवेतून खाली अग्निगोल फेकतो. कित्येक मल्लांजवळ त्याला तोडच नाही. इथे खेळाडूंनीच पुढाकार घेतला आणि बहुतेक स्पर्धांतून अकुमाला बंदी केली. कंपनीने दिलेला मल्ल पंचांनी फडाबाहेर काढला. याच्या उलट टोकाला डॅन. १९९५ च्या 'स्ट्रीट फायटर अल्फा'त हा मुद्दाम दुबळा केलेला, गुलाबी पोशाखातला मल्ल आहे. त्याचा अग्निगोल हातातून निघतो न निघतो तोच विझतो. प्रतिस्पर्धी कंपनीच्या मल्लांची थट्टा म्हणून तो घडवला गेला, आणि गंमत अशी, की त्याच्यावर जीव लावणारे खेळाडू जगभर आहेत. नाटकात विदूषकावर लोभ असतो तसाच.

२००० सालच्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम टू' या खेळात तर मल्ल छप्पन्न, आणि प्रत्येकाने त्यांतून तिघांचा संघ निवडावयाचा. संघ किती होऊ शकतात? सत्तावीस हजार सातशे वीस. पण मोठ्या स्पर्धांत पाहावे तर मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल आणि केबल हीच चार नावे पुन्हा पुन्हा दिसत. पानात छप्पन्न पदार्थ वाढावेत आणि जेवणाऱ्यांनी चारच चाखावेत, असे झाले. यादी खरी असते ती या अर्थाने. ज्याला जिंकावयाचेच आहे त्याने ती न पाहणे म्हणजे भाबडेपणा.

*

तर मग यादीवर विश्वास ठेवावा की नाही? दोन सामन्यांची हकीकत सांगतो.

पहिला सामना २००४ सालचा. कॅलिफोर्नियात पोमोना येथे 'इव्हो' ही मोठी स्पर्धा भरली होती. खेळ होता 'थर्ड स्ट्राइक'. अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन बसला होता. या खेळात चुन-ली सर्वांत वरच्या पंगतीची. समोर जपानचा दाइगो उमेहारा, त्याच्याकडे केन. केनही वरच्यांतलाच, पण त्या क्षणी त्याच्या प्राणांची पट्टी केसाएवढी उरली होती. विशेष डाव नुसता अडवला तरी थोडा मार अंगी लागतोच, आणि तेवढ्याने केन संपणार होता. वाँगने चुन-लीचा महाडाव सोडला : एकामागून एक पंधरा लाथा. या खेळात एक युक्ती आहे. घाव लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडा पुढे रेटला तर घाव पूर्ण निष्फळ होतो. चुकला तर गेलाच. उमेहाराने पंधराही घाव असे परतवले, आणि लगेच साखळी बांधून चुन-लीला लोळवले. त्या प्रसंगाचे चित्रण आजही लोक पाहतात. प्रेक्षकांचा गलका ऐकून अंगावर काटा येतो.

पण कथा सांगणारे इथेच थांबतात, आणि मास्तराने थांबता कामा नये. उमेहारा ती स्पर्धा जिंकला नाही. अंतिम सामन्यात केंजी ओबाता याने त्याला हरवले. ओबाताचा मल्ल युन, तोही पहिल्या पंगतीतलाच. एका क्षणाच्या पराक्रमाने यादी खोटी ठरत नाही.

दुसरी हकीकत अधिक संथ आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. २००१ साली निन्टेंडो कंपनीचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा खेळ निघाला. त्यात पंचवीसेक मल्ल आहेत, आणि त्यांत योशी नावाचे एक डायनोसॉरचे पिल्लू आहे. जाणकारांच्या याद्यांत ते कित्येक वर्षे खालच्या ओळींत पडून होते. जपानमधल्या एका खेळाडूने, त्याचे खेळातले नाव आम्सा, या लाल रंगाच्या योशीची कास धरली. तो ते पिल्लू घेऊन स्पर्धांतून हरत राहिला, जिंकत राहिला, पण मल्ल बदलला नाही. योशीच्या उडीत मार सोसण्याची एक विलक्षण शक्ती आहे, त्याच्या ढालीत घाव परतवण्याची कला आहे. हे सारे खेळात पहिल्या दिवसापासून होते, पण ते साधण्याइतकी मेहनत फारशी कुणी घेतली नव्हती. २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या 'द बिग हाउस' या मोठ्या स्पर्धेत आम्सा योशी घेऊन पहिला आला. तोवर याद्यांतही योशी बराच वर चढला होता.

ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की मधल्या काळात कंपनीने त्या खेळात योशीसाठी काही दुरुस्ती केलेली नव्हती. हल्लीचे खेळ दर काही महिन्यांनी घरबसल्या दुरुस्त होतात, आज सबळ असलेला उद्या दुबळा होतो. या खेळाचे तसे नाही. खेळ तोच होता, योशी तोच होता. यादी बदलली, कारण लोकांना त्याच्याविषयी अधिक कळले. पूर्वीची यादी लबाडीने केलेली नव्हती. तोवर जेवढे दिसले तेवढे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते, एवढेच.

आणि जी गोष्ट मल्लांची तीच खेळाडूंची. 'टेकन' या खेळात कोरिया आणि जपान यांचा दबदबा होता. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये फुकुओका येथे 'इव्हो जपान' झाली, आणि लाहोरचा अर्सलान अॅश ती जिंकून गेला. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतली मुख्य स्पर्धाही त्यानेच जिंकली. लाहोरच्या आर्केडांतून असे खेळाडू तयार होत आहेत, हे जगाच्या कोणत्याच यादीत नव्हते. यादीला दिसत नव्हते, म्हणून ते नव्हते असे नाही.

*

आता घरची गोष्ट. १९९३-९४ साली मी आठवीत होतो, 'क' तुकडीत. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचे एक दुकान होते. रुपयाचे नाणे टाकले की डाव सुरू. यंत्र बहुधा त्या चोरट्या आवृत्तीचेच असावे, कारण बटण दाबले की ऐन झुंजीत मल्ल बदलत असे. सगळ्यांची उडी केन आणि ऱ्यूवर. धालसिमला कुणी हात लावीत नसे. "हाडकाड्या" म्हणत त्याला. जपानातल्या बहुतेक जाणकारांनी पहिल्याच आवृत्तीत या योग्याला गाईलच्या खालोखाल बसवले होते, हे आमच्या गावाला कुठले ठाऊक! आमची यादी आमच्यापुरती, आणि ती तितकीच ठाम.

माझा एक वर्गमित्र मात्र धालसिमच घेई. तोही 'क' मधलाच, माझ्याच बाकावरचा. लांब हाताचा पल्ला किती, प्रतिस्पर्धी किती पावलांवर आला की ठोसा सोडावयाचा, हे त्याने एक रुपयात अर्धा अर्धा तास उभे राहून मनाशी मोजले होते. कॉलेजची मुले त्याच्याकडून हरत आणि यंत्राला लाथ घालून जात. हाच मुलगा भूमितीच्या तासाला बाकावर उभा असे. अंतर आणि कोन त्याला कळत होते, हे आता मला दिसते. तेव्हा ना शिक्षकांना दिसले, ना त्याला, ना मला. नववीत तो नापास झाला आणि शाळा सुटली.

आज त्याचे मोटारी रिवाइंडिंगचे दुकान आहे. काम चोख, गिऱ्हाईक दूरदूरचे. गेल्या वर्षी त्याची मुलगी आमच्या शाळेत आली. पालकसभेत मी त्याला म्हटले, "पोरीचे गणित जरा बघत जा." तो हसून म्हणाला, "अरे, आमच्या घरात डोके नाही रे. आपण 'क' मधले!" तीस वर्षे झाली. चारशे चाळीस व्होल्टची मोटार जो नुसत्या आवाजावरून ओळखतो, तो माणूस एका जूनमध्ये कुणीतरी लिहिलेला कागद अजून खिशात घेऊन फिरतो आहे.

इथे मला यादीची खरी चूक सापडली. आर्केडातली यादी मल्लांची असते, खेळणाऱ्याची नव्हे. मल्ल शिकत नाही. निर्मात्याने दिले तेवढेच त्याच्याजवळ. शिकतो तो दांडा धरणारा. आमच्या शाळेच्या यादीत आम्ही मुलाला मल्ल समजतो. तो दांडा धरणारा आहे हे विसरतो. जूनमध्ये त्याच्या हाती काय होते, घरी दिवा होता की नाही, आदल्या वर्षी ताप आला होता की नाही, याचा तो आकडा असतो, आणि आम्ही तो त्याच्या नावापुढे शाईने लिहितो.

यंदाच्या जूनमध्ये यादी लिहावयास बसलो तेव्हा माझ्या मित्राच्या मुलीचे नाव 'क' च्या रकान्यात येत होते. गुण तसेच होते, मी ते लपवले नाहीत. प्रतवारीच करू नये, असेही मी म्हणत नाही. कुणाला काय येते हे न पाहता शिकवणारा मास्तर डोळे बांधून दांडा फिरवणाऱ्यासारखा. पण यंदा मी सगळी यादी पेन्सिलीने लिहिली, वर तारीख घातली, आणि मुख्याध्यापकांना विनंती केली, की सहामाहीनंतर ती पुन्हा पाहावी, आणि तोवर शिक्षकांच्या खोलीत तुकडीचे नाव घेऊन मुलाविषयी बोलू नये. त्यांनी पेन्सिलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." मुलीच्या वडिलांना मी एवढेच सांगितले, की भूमितीच्या वहीकडे धालसिमचे हात आठवून एकदा पाहा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वही पाठवून दे दुकानावर."

सहामाहीचे पेपर आता तपासून झाले आहेत. सुट्टी संपली की यादी पुन्हा उघडावयाची आहे. तिचे नाव हलेल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही.

उद्या-परवा भाऊबीजेला भाचा येईल. वही घेऊन ये, असे मी त्याला फोनवर सांगितले आहे. गेल्या वर्षीच्या त्या पानावर मी त्याच्याकडून तारीख लिहून घेतली होती. "कशाला, मामा?" असे कुरकुरत त्याने कोपऱ्यात ती बारीक अक्षरांत लिहिली. परवा फोनवर सांगत होता, की डी मधले दोघे आता बी मध्ये आले आहेत, आणि त्याने नवे पान केले आहे. त्या पानावर तारीख त्याने आपणहून घातली आहे.